विश्लेषण : नाव ठेवले, की नावे ठेवली? ‘नकुशा’ आली कुठून आणि गेली कुठे?

मराठी न येणाऱ्याला ‘नकुशा’ हे नाव पहिल्यांदा ऐकवले, तर ते त्याला बहुधा आवडेल. नताशा, मनीषा, अनिशा यांच्या ओळीत ते सहज खपून जाते. २००९ मध्ये ‘कलर्स’ वाहिनीवर ‘लागी तुझसे लगन’ ही हिंदी मालिका सुरू झाली. तिच्या नायिकेचे नाव नकुशा होते. उत्तरेतल्या प्रेक्षकांसाठी ते नायिकेचे एक वेगळे नाव, इतकेच. मराठी घरांत मात्र त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. नकुशा म्हणजे नकोशी. जन्मली, पण कोणाला नको होती ती.

दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०११ मध्ये, हेच नाव जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. सातारा जिल्ह्यात प्रशासनाने हे नाव असलेल्या मुली शोधून काढल्या आणि एका जाहीर समारंभात त्यांना नवी नावे दिली. त्या वेळच्या बातम्यांनुसार अशा २८५ मुली होत्या. वेण्या घालून, रिबिनी बांधून, ठेवणीतले कपडे घालून त्या रांगेत उभ्या राहिल्या. नव्या नावाचे प्रमाणपत्र आणि लहानसा पुष्पगुच्छ घेऊन त्या घरी गेल्या. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी सावित्री, कोणी वैशाली. बातमी गोड होती आणि तिचे कौतुकही झाले. मात्र नाव बदलल्यावर प्रश्न कितपत बदलला, याचा हिशेब त्या बातमीपाशी थांबून लागत नाही. त्यासाठी आधी हे नाव तयार कसे झाले आणि ते का ठेवले जाई, हे पाहावे लागते.

‘नकोशी’ची ‘नकुशा’ कशी झाली?

मुलींची बहुतेक पारंपरिक मराठी नावे देवीदेवतांची, नद्यांची, फुलांची किंवा पुराणातल्या स्त्रियांची आहेत. नकुशाला असे कोणतेही मूळ नाही. ते रोजच्या बोलण्यातल्या ‘नको’ या शब्दातून आले आहे. मराठीत ‘सा’ हा प्रत्यय लागून छोटासा, हवासा, नकोसा अशी विशेषणे होतात आणि स्त्रीलिंगी रूपात छोटीशी, हवीशी, नकोशी. गंमत अशी की हा प्रत्यय एरवी लाडाचा आहे. ‘छोटीशी’ म्हणताना आवाज आपोआप मऊ होतो. ‘नकोशी’त तोच प्रत्यय नकार थोडा सौम्य करतो, पण काढून टाकत नाही. बोलताना ‘को’चा ‘कु’ झाला, शेवटी नावाला शोभेल असा ‘आ’ लागला आणि शाळेच्या पटावर, शिधापत्रिकेवर, मतदारयादीत नकुशा, नकुसा, नकुशी, नकुबाई अशी रूपे उमटली.

शब्द असा झिजला की अर्थही झिजतो. ज्या गावात तीन-चार नकुशा आहेत, तिथे ‘नकुसामावशी’ म्हणताना कोणाच्या मनात नकार नसतो. आई ‘नके’ अशी हाक मारते तेव्हा तिच्यात लाडही असतो. त्यामुळे हे नाव असलेली प्रत्येक मुलगी घरात दुस्वास सोसत वाढली, असे समजणे चूक ठरेल. अनेक जणी प्रेमाने वाढल्या, शिकल्या, नांदल्या. पण झिजलेला अर्थ शाळेत पुन्हा टोकदार होतो. वर्गात हजेरी घेताना नाव मोठ्याने वाचले जाते, शेजारच्या बाकावरून कोणी हसते, आणि सात-आठ वर्षांच्या मुलीला कळते की आपले नाव हे नाव नसून शेरा आहे. मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचा फरक आहे. नकुशाच्या बाबतीत तोही उरला नाही.

देवाला धाडलेला निरोप

हे नाव पहिल्या मुलीला सहसा मिळत नसे. ‘पहिली बेटी धनाची पेटी’ म्हणून तिची समजूत काढली जाई. दुसरीलाही सांभाळून घेतले जाई. तिसरी किंवा चौथी मुलगी झाली की बारशाचा उत्साह मावळे. महाराष्ट्रात बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो. पाळण्याभोवती बायका जमतात, आत्या ‘कुर्र’ करून नाव सांगते, बाकीच्या तिच्या पाठीत गमतीने धपाटे घालतात. ओळीने आलेल्या मुलींच्या वाट्याला हा सोहळा अनेकदा येतच नसे. नाव ठेवले जाण्याऐवजी ते पडून जाई.

नाव ठेवण्यामागची समजूत सरळ होती. मुलीचे नावच ‘नकोशी’ ठेवले, तर देवाला आपले म्हणणे कळेल आणि पुढच्या खेपेला मुलगा होईल. म्हणजे हे नाव ज्या मुलीला दिले, तिच्यासाठी ते नव्हतेच. तिच्यानंतर येणाऱ्या, अजून न जन्मलेल्या भावासाठी ते होते. ही मुलगी निरोप्या होती, निरोप तिच्या अंगावर लिहिलेला होता आणि तो आयुष्यभर पुसला जाणार नव्हता.

‘मुलांनाही दगडू, धोंडू म्हणतातच की,’ असा बचाव या ठिकाणी हमखास होतो. तो तपासून घेण्यासारखा आहे, कारण दिसायला ही नावे सारखीच ओबडधोबड आहेत. धोंडू, दगडू, भिकाजी, केरू, उकिर्डा ही मुलांची नावे जुन्या महाराष्ट्रात सर्रास होती. घरात एकापाठोपाठ मुले दगावली की पुढच्या मुलाला मुद्दाम हीन नाव देत. कुठे बाळाला उकिरड्यावर ठेवून उचलून आणत, कुठे ते भीक म्हणून मागून घेत, कुठे त्याचे नाक टोचून त्याला मुलगी भासवत. यमाला किंवा दृष्ट लावणाऱ्याला वाटावे की हे पोर काही मोलाचे नाही आणि त्याने ते सोडून द्यावे. म्हणजे ‘दगडू’ या नावात पोर इतके हवे असते की ते लपवावे लागते. नकुशात लपवलेले काहीच नाही. तिथे शब्द आणि अर्थ एकच आहे. क्वचित एखाद्या घरात मुलगी जगावी म्हणूनही तिला असे नाव दिले गेले असेल, पण नावामागचा मुख्य हेतू तो नव्हता.

दोन्ही नावांचा पुढचा प्रवासही वेगळा झाला. धोंडो केशव कर्वे यांच्या नावातला धोंडा कोणाला टोचला नाही. ते महर्षी झाले, १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले, १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. दया पवार यांच्या ‘बलुतं’मधला दगडू मराठी साहित्यात अढळ जागा मिळवून बसला. ‘टाइमपास’ या २०१४ च्या चित्रपटातला दगडू तर तरुण पोरांचा नायक झाला. नकुशा मराठी मालिकेची नायिकाही झाली, पण ‘स्टार प्रवाह’वरच्या त्या मालिकेला शीर्षकातच खुलासा करावा लागला : ‘नकुशी तरीही हवीहवीशी’. दगडूच्या नावापुढे असे ‘तरीही’ लावण्याची गरज कोणाला वाटली नाही.

साताऱ्याच्याच मातीत?

या नावाची चर्चा साताऱ्यातून उठली याचे अनेकांना नवल वाटले. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ मध्ये याच जिल्ह्यातल्या नायगावचा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे मुख्यालय साताऱ्यातच आहे. प्रतिसरकारची चळवळ इथलीच. क्रांतिसिंह नाना पाटील यांची कन्या त्या लढ्यात उतरली होती. तिचे नाव हौसाबाई. हौसेने झालेली ती हौसा. म्हणजे एकाच परिसरात, एकाच बोलीत, मुलीच्या जन्माबद्दल हौसा आणि नकुशा ही दोन टोकाची नावे नांदत होती. कोणते नाव कोणाच्या वाट्याला यावे, हे बरेचदा तिच्या आधी घरात किती बहिणी आहेत यावर ठरे.

बहिणींची संख्या मोजली जाण्यामागे शेतजमीन आहे, हुंडा आहे, म्हातारपणीचा आधार आहे आणि पिंडदानाची समजूत आहे. यातले जमिनीचे कारण सगळ्यांत कमी बोलले जाते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली. केंद्राने ती २००५ मध्ये देशभर लागू केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये त्यावरची शंका दूर केली. कायदा असा स्वच्छ असताना तलाठ्याकडे मात्र बहिणींच्या सह्यांची हक्कसोडपत्रे येत राहतात. सही न करणारीचे माहेर तुटते, हे तिला आधीच ठाऊक असते. वाटा मागितला तर नको आणि न मागता सोडला तर गुणाची, हा व्यवहार मुलीचे नाव काहीही असले तरी तोच राहतो.

एकट्या मराठीची ही खोड नाही

बंगालीत जुन्या पिढीत आन्नाकाली हे नाव भेटते. त्याची फोड ‘आर ना, काली’ अशी, म्हणजे ‘आता आणखी नको गं, काली माते’. ‘चायना’ या बंगाली नावाचा चीनशी संबंध नाही, त्याचा अर्थ ‘नको आहे’. तमिळनाडूत काही गावांत मुलीचे नाव वेंडाम ठेवत. त्याचाही अर्थ नको. हरियाणात भतेरी, म्हणजे पुष्कळ झाल्या. चीनमध्ये झाओदी हे मुलीचे नाव आहे आणि त्याचा अर्थ ‘धाकट्या भावाला बोलाव’. कोरियातल्या आजीच्या पिढीत मल्जा, म्हणजे शेवटची. लिपी वेगळ्या, देव वेगळे, निरोप एकच.

या यादीतले सध्याचे सर्वांत प्रसिद्ध नाव हरियाणाच्या अंतिम पंघलचे. हिसार जिल्ह्यातल्या भगाना गावातली ही कुस्तीगीर घरातली चौथी मुलगी. आता ही शेवटची असो, म्हणून अंतिम. २०२२ मध्ये ती वीस वर्षांखालील गटात जागतिक विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. पुढच्या वर्षी तिने ते विजेतेपद राखले आणि त्याच वर्षी वरिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ५३ किलो वजनी गटात कांस्यपदकही मिळवले. तिने नाव बदलले नाही. कुस्तीच्या आखाड्यात ‘अंतिम’ या शब्दाला आपसूक दुसरा अर्थ मिळाला. पण प्रत्येक नकुशाने जगज्जेती होऊन आपल्या नावाचा अर्थ पालटून दाखवावा, ही अपेक्षा करणेही तिच्यावर अन्यायच आहे. साध्या मुलीला साधे नाव मिळायला हवे, त्यासाठी पदक लागू नये.

नाव कमी झाले, ही चांगली बातमी?

गेल्या काही वर्षांत जन्मलेल्या मुलींच्या नावांत नकुशा शोधावी लागते. अंगणवाडीच्या पटावर आता आरोही, अन्वी, शिवन्या, स्वरा यांची गर्दी असते. जिल्हा प्रशासनाच्या अहवालात हे यश म्हणून मांडता येईल. पण इथे जरा थांबायला हवे, कारण नकुशा ही जन्मलेली मुलगी होती. नको असूनही ती जगात आली, तिला नाव मिळाले, मग ते कसलेही असो. गर्भातच मुलगी आहे हे कळण्याची सोय झाल्यावर ‘नको’ म्हणण्यासाठी नाव ठेवण्यापर्यंत थांबण्याची गरज उरली नाही.

मुंबईत गर्भजल तपासणीचा लिंगनिदानासाठी वापर १९८० च्या दशकात उघड बोलला जाऊ लागला. स्त्री संघटनांनी त्याविरोधात मोहीम उभारली आणि १९८८ मध्ये असा कायदा करणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य ठरले. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून. तो नीट राबवला जात नाही म्हणून मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. मधल्या काळात सोनोग्राफी यंत्रे तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली होती. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ मध्ये ९१३ होती. २०११ च्या जनगणनेच्या प्राथमिक आकड्यांत ती ८८३ वर आली. अंतिम आकड्यांत ती ८९४ झाली, तरी घसरण राहिलीच. नामांतराचा समारंभ झाला त्या वर्षी साताऱ्याचा प्राथमिक आकडा ८८१ होता. निसर्गक्रमाने हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात, हे ध्यानात घेतले की या आकड्यांचा अर्थ कळतो. २०११ मध्ये व्यासपीठावर आलेल्या २८५ मुलींची मोजदाद झाली. त्यांच्या गावांत ज्या जन्मल्याच नाहीत त्यांची नावे बदलता येत नव्हती.

कुटुंबही लहान झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ होता. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाल्यास ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, असा राज्यात नियम आहे. तिसरी-चौथी मुलगीच नसेल तर नकुशा हे नाव ठेवायचे कोणाला? दोन अपत्यांच्या घरात निवड आधीच करावी लागते. त्याच पाहणीनुसार आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांमध्ये हजार मुलग्यांमागे मुली २०१५-१६ मध्ये ९२४ होत्या, पुढच्या फेरीत ९१३. नाव विरळ होत गेले, आकडा सुधारला नाही.

केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने या विषयाला चक्क अर्थशास्त्राच्या भाषेत बसवले होते. गुलाबी मुखपृष्ठाच्या त्या अहवालात ‘नकोशा मुलीं’चा अंदाज दिला होता : पंचवीस वर्षांखालच्या सुमारे २ कोटी १० लाख. पद्धत साधी होती. घरातले शेवटचे अपत्य मुलगा आहे की मुलगी, हे पाहायचे. मुलगा झाल्यावर अपत्ये थांबवणारी घरे जास्त असतील, तर शेवटच्या अपत्यांमध्ये मुलगे जास्त दिसणार. तसेच दिसले. पहिल्याच अपत्यावर थांबलेल्या घरांत एका मुलीमागे १.८२ मुलगे होते, नैसर्गिक प्रमाण १.०५ असताना. या हिशेबातल्या मुली गर्भात मारल्या गेलेल्या नाहीत. त्या जिवंत आहेत, शाळेत जातात, आणि मुलाची वाट पाहताना जन्मल्या आहेत. एका अर्थाने आर्थिक पाहणीने दोन कोटी नकुशांची नोंद केली. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांची कागदावरची नावे सुंदर आहेत.

नामांतराच्या कार्यक्रमाबद्दल खरी तक्रार इथेच आहे. साताऱ्याच्या अधिकाऱ्यांनी केले ते चांगलेच केले, त्यात शंका नाही. वर्गात हसू होणाऱ्या मुलीला ते हसू थांबणे ही मोठी गोष्ट असते. एका पंधरा वर्षांच्या मुलीने स्वतःसाठी ‘अस्मिता’ हे नाव निवडले होते, यातच बरेच काही आले. पण समारंभात व्यासपीठावर बोलावल्या गेल्या त्या मुली. ज्यांनी ते नाव ठेवले ते आजोबा, वडील, चुलते खाली बसून टाळ्या वाजवू शकले. त्यांना कोणी काही विचारले नाही. शिवाय ज्या सुखवस्तू, शिकलेल्या घरांत नकुशा कधीच नव्हती, त्या घरांकडे बोट वळले नाही. गरिबाचा नकार नावात दिसत होता म्हणून तो पकडता आला. ऐपतवाल्याचा नकार दवाखान्याच्या बंद दाराआड राहिला आणि तिथे पुष्पगुच्छ देण्याचा प्रश्नच नव्हता.

कोरियाचे उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे १९९० मध्ये शंभर मुलींमागे ११६ हून अधिक मुलगे जन्मत होते, आपल्यापेक्षाही वाईट स्थिती. वीस वर्षांच्या आत ते प्रमाण नैसर्गिक पातळीवर आले. गर्भलिंग सांगण्यावर तिथे बंदी होतीच. पण त्याबरोबर शहरीकरण झाले, स्त्रिया कमावत्या झाल्या आणि घराचा प्रमुख पुरुषच असला पाहिजे हे सांगणारी ‘होजू’ नोंदपद्धत २००५ मध्ये रद्द ठरून २००८ पासून बंद झाली. मुलगा असण्याचा कायदेशीर आणि आर्थिक फायदा कमी झाला, तशी मुलाची वाट पाहणेही कमी झाले. मल्जा हे नाव तिथे मागे पडले. ते ठेवणेच बंद झाले.

आज ज्या नकुशा आहेत, त्यांचे काय?

नव्या मुलींना हे नाव मिळत नसले तरी पंचवीस ते सत्तर वयाच्या नकुशा गावोगावी आहेत. त्यांतल्या काही लग्नात सुटल्या. मराठी लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहितो. बाईची ओळख पुसणारी म्हणून ही प्रथा टीकेला पात्र आहेच. पूर्वी डॉ. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघींचेही माहेरचे नाव यमुना होते, ते आज किती जणांच्या लक्षात आहे? पण एखाद्या नकुशासाठी तेच तांदळातले नाव सुटकेचे ठरले असेल, हेही मान्य करावे लागते. सासरी तिला सगळे सुनीता म्हणतात. कागदावर मात्र ती नकुशाच राहते. शाळेचा दाखला, आधार, बँक पासबुक, सातबाऱ्यावर असलीच तर नोंद, सगळीकडे. दरमहा १५०० रुपयांच्या योजनेत नाव ‘लाडकी बहीण’ आणि अर्जातल्या पहिल्या रकान्यात ‘नकुशा’ असे जेव्हा होते, तेव्हा सरकारी भाषेलाही आपला विनोद कळत नाही.

नाव बदलणे अशक्य नाही, किचकट आहे. प्रौढ व्यक्तीला राज्याच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. त्यासाठी शासन मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. राजपत्राची प्रत हाती आली की आधार, पॅन, बँक, मतदारयादी हे एकेक बदलत जायचे. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यामुळे स्पेलिंग आधीच नीट ठरवलेले बरे. शाळा सुटल्यानंतर दाखल्यातले नाव बदलणे सर्वांत अवघड, म्हणून मुलगी शिकत असतानाच शाळेमार्फत हे काम करून घेणे शहाणपणाचे. लहान बाळाच्या बाबतीत वाट सोपी आहे. जन्मनोंदीत नाव नसेल तर पहिल्या बारा महिन्यांत ते विनाशुल्क, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा मुख्य पुरावा आहे, तेव्हा नोंदीतली घाई आता जास्त महाग पडते.

साताऱ्यासारखी मोहीम पुन्हा कोणी काढणार असेल तर ती शाळकरी मुलींसाठी नव्हे, या मोठ्या बायकांसाठी काढायला हवी. तीही व्यासपीठ आणि कॅमेऱ्याशिवाय. तहसील कार्यालयात महिन्यातला एक दिवस, एक टेबल, शुल्क माफ आणि सगळे कागद एकाच अर्जात. ज्यांना नाव बदलायचे नाही त्यांना बदला म्हणून सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. साठ वर्षे ज्या नावाने गावाने हाक मारली ते एखादीला आपलेसे वाटत असेल, तर तो तिचा प्रश्न.

घाई मात्र करायला हवी ती तरुण नकुशांसाठी, आणि त्याला एक नवे कारण आहे. राज्य सरकारच्या मार्च २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे बंधनकारक आहे. क्रम असा : आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. आईला कागदावर जागा देणारा हा निर्णय उशिरा आलेला आणि योग्यच आहे. पण ज्या आईच्या आधार कार्डावर आजही ‘नकुशा’ लिहिलेले आहे, तिच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर, शाळेच्या पटावर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर आता मधले नाव तेच छापले जाईल. वर्गात हजेरी घेताना ते पुन्हा मोठ्याने वाचले जाईल.